आंब्याचा चीक, बिब्याचा राग आणि काजूचं तेल

मागच्या महिन्यात मोहोरावर लिहिताना शेवटी सहज एक वाक्य टाकलं होतं की आंबा, काजू, बिबा, चारोळी, पिस्ता ही सगळी एकाच कुळातली भावंडं आहेत. झालं, पत्रं आणि ईमेल यांचा ढीगच लागला. मोहोराबद्दल एकानेही विचारलं नाही, सगळ्यांना आपापली खाज आठवली (शब्दशः खाज). तेव्हा या महिन्याचं सदर त्यालाच वाहिलंय. सगळी पत्रं घेता आली नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत, रागवू नका.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. दरवर्षी मे महिना आला की त्याच्या ओठांभोवती आणि गालांवर लाल पुरळ येतं, कधी पाणी भरलेले फोडही येतात. सासूबाई म्हणतात आंबा उष्ण असतो, त्याची उष्णता बाहेर पडते. डॉक्टर म्हणतात अ‍ॅलर्जी. आमचं घर देवगडात, आंबा न देता पोराला ठेवायचं कसं? – एक आई, देवगड

अहो, देवगडात राहून आंबा बंद म्हणजे शिक्षाच झाली की. आधी उष्णतेचं बघू. सासूबाईंचं निरीक्षण बरोबर आहे, कारण चुकलंय. उष्णता असती तर पोटात गेल्यावर सगळ्या अंगावर उठली असती, ती नेमकी ओठांच्या कडेला, गालाला आणि हनुवटीवर कशी येते? जिथे आंब्याची साल घासली गेली तिथेच येते ना? लहान पोरं आंबा चोखून खातात, देठाकडचा भाग दातांनी फाडतात, आणि सगळी गंमत त्या देठापाशीच आहे.

आंब्याचा देठ मोडला की चीक पिचकारीसारखा उडतो हे तुम्हाला मी सांगायला नको. तो साधा पाण्यासारखा चीक नाही, त्यात तेलकट भाग असतो, त्यात टर्पेन असतात (कैरीच्या देठाला जो झणझणीत वास येतो ना, तो त्यांचा), आणि त्याच्याबरोबर रेसॉर्सिनॉल जातीची काही रसायनं असतात. ही रसायनं डोळ्यासमोर आणायची तर बेडकाचं पिल्लू आठवा, एक डोकं आणि एक लांब शेपूट. डोकं म्हणजे सहा कार्बनचं कडं, आणि शेपूट म्हणजे पंधरा किंवा सतरा कार्बनची तेलकट साखळी. आंब्यातल्या मुख्य रसायनाची शेपूट सतरा कार्बनची आहे. शेपूट तेलकट असल्यामुळे ते कातडीच्या वरच्या थरात आरामात शिरतं, आणि आत गेल्यावर डोकं आपल्याच प्रथिनांना चिकटतं. मग आपल्या शरीरातल्या टी पेशींना वाटतं हे कोण परकं घरात घुसलं, आणि त्या आपल्याच कातडीवर हल्ला चढवतात. म्हणजे फोड आंबा आणत नाही, आपली फौज आणते.

आता यातली खरी फसगत ऐका. ही फौज लगेच निघत नाही. एक दिवस, दोन दिवस, कधी तीन दिवस लागतात. त्यामुळे शनिवारी आंबा चोखला, सोमवारी तोंड सुजलं, आणि खापर फुटतं रविवारच्या फणसावर नाहीतर कोळंबीवर. मी शिकवत होते तेव्हा वर्गात दरवर्षी एक तरी मुलगा असा निघायचा की ज्याला घरच्यांनी मासे बंद केले होते आणि दोषी असायचा आंबा.

मग करायचं काय. साल त्याला लावू देऊ नका, म्हणजे चोखायला नाही, कापून, साल काढून, फोडी करून द्या, आणि फोडी कापणाऱ्याने साल काढल्यावर सुरी आणि हात धुवून मगच गर कापायचा (ही पायरी सगळे विसरतात). बहुतेकांना गराचा त्रास होत नाही. आपल्याकडे आंबे पाण्यात टाकून ठेवायची पद्धत आहे ना, त्याने वर सुकलेला चीक बऱ्यापैकी निघून जातो, फक्त नुसतं बुडवून न ठेवता देठाकडची बाजू चोळून धुवा. आणि आंबा घरचाच असेल तर देठासकट काढायला सांगा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) त्याचसाठी केलेला आहे, दोन अडीच इंच देठ राहतो आणि चीक फळावर सांडत नाही. त्यातही डोळे सुजले, श्वासाला त्रास झाला, खाल्ल्या खाल्ल्या उलटी झाली तर मात्र हे प्रकरण वेगळं समजायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा, तिथे माझं सदर वाचत बसू नका.

आणखी एक गंमत सांगते आणि मग पुढे जाते. हा चीक झाडाला कशाला लागतो? इस्रायलमधल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात दाखवलं की कच्च्या आंब्याच्या सालीतली हीच रेसॉर्सिनॉल रसायनं बुरशीला अडवून धरतात. बुरशी कैरीवर आधीच येऊन बसलेली असते, पण तिला हात पाय पसरता येत नाहीत. आंबा पिकायला लागला की सालीतलं हे रसायन कमी होतं आणि मग बुरशी जागी होते, आणि आपल्याला सालीवर ते काळे डाग दिसायला लागतात. म्हणजे तुमच्या पोराच्या ओठाला जे लागतं ते आंब्याच्या राखणदाराचंच शस्त्र आहे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. मागच्या जूनमधे बॅकयार्ड साफ करताना पॉयझन आयव्हीला हात लागला आणि तीन आठवडे हाल झाले. आता भारतातून आलेले हापूस खाल्ले की ओठ खाजतात, जे आधी कधीच होत नव्हतं. हा योगायोग का? आणि आम्ही भारतीय लोक लहानपणापासून आंबा खातो म्हणून आम्हाला पॉयझन आयव्ही होत नाही असं इथे ऐकलं होतं. – एक वाचक, न्यू जर्सी

योगायोग नाही हो, घरचाच मामला आहे. पॉयझन आयव्ही ही तुमच्याकडची रानवेल आंब्याचंच भावंड. तिच्या चिकातल्या रसायनाला उरुशिऑल म्हणतात, आणि हे नाव आलंय जपानमधून, तिथे याच कुळातल्या एका झाडाचा चीक काढून लाकडावर चकचकीत लेप देतात, त्याला उरुशी म्हणतात. रिको माजिमा नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्याची रचना उलगडली, आणि तीच रचना थोड्याफार फरकाने पॉयझन आयव्हीत, आपल्या बिब्यात, काजूच्या टरफलात निघाली. वर सांगितलेला डोकं आणि शेपूट हा प्रकार इथेही आहे, फक्त डोक्यावरच्या दोन ऑक्सिजनच्या गाठी शेजारी शेजारी आहेत, आंब्यात त्या एक घर सोडून आहेत. एवढ्याशा फरकाने तुमच्या टी पेशी फसतात. एकदा आयव्हीने ओळख करून दिली की आंब्याच्या सालीलाही त्या चोर समजायला लागतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं.

भारतीयांना होत नाही हे मात्र डोक्यातून काढून टाका, तुमच्या हातानेच ते खोटं ठरवलंय. लहानपणी तोंडावाटे थोडं थोडं गेलं तर शरीर सवयीने गप्प बसतं ही कल्पना संशोधकांच्या डोक्यात बरीच वर्षं आहे, पण तिच्या भरवशावर कुणी पानं चघळून बघू नका, लोकांनी चघळलीयेत आणि तोंडाचे हाल करून घेतलेत.

व्यवहाराचं म्हणाल तर लागल्या लागल्या, म्हणजे अगदी पहिल्या काही मिनिटांत, साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, हे तेल आहे त्यामुळे नुसत्या पाण्याने हलत नाही. बागेची कात्री, हातमोजे, बुटांच्या नाड्या, कुत्र्याचे केस यांवर ते महिनोन्महिने टिकतं, त्यामुळे पुढच्या मोसमात झाडाला हात न लावताही होऊ शकतं. फोडांतलं पाणी लागून पसरत नाही, लोक उगाच घाबरतात, जिथे तेल कमी लागलं तिथे उशिरा उठतं म्हणून पसरल्यासारखं वाटतं एवढंच. आणि उपटलेल्या वेली जाळायच्या नाहीत, अजिबात नाही, धुराबरोबर ते छातीत जातं.

तुमच्या मनात कदाचित पुढचा प्रश्न असेल की हल्ली ही वेल जास्तच माजलीये का. नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक विद्यापीठाच्या जंगलात एक प्रयोग झाला, झाडांच्या भोवती पाइप उभे करून तिथली हवा पुढच्या काळात जितका कार्बन डायऑक्साइड असेल तितकी भारलेली ठेवली. २००६ मधे त्याचे निष्कर्ष आले. पॉयझन आयव्ही बाकीच्या बऱ्याच झाडांपेक्षा जास्त जोमाने वाढली, आणि तिचं उरुशिऑलही जास्त त्रासदायक जातीचं निघालं. म्हणजे आपण धूर सोडायचा आणि माजायचं तिने.

प्रश्न : ताई, आमच्या गावाकडे बिबा उतला (म्हणजे बिब्याने अंगावर फोड उठले) म्हणतात. कुणाला बिबा नुसता बघितला तरी उततो, कुणी फोडून खातो तरी काही होत नाही. हे खरं काय आहे? आणि बिब्याने कॅन्सर बरा होतो असा मेसेज फिरतोय. – एक आजोबा, यवतमाळ जिल्हा

आजोबा, नमस्कार. तुमचा प्रश्न वाचून माझा स्वतःचा चेहरा आठवला. कॉलेजच्या सहलीला पोरांना घेऊन आंबोलीला गेले होते, पावसाळा संपत आलेला, एका झाडाच्या बुंध्यावर काळे ओघळ दिसले. मी शहाणी, पोरांना दाखवायला म्हणून बोट लावलं, वास घेतला, आणि मग तोच हात घामेजलेल्या कपाळावर फिरवला. बरोबरचे वाटाडे काका नुसते बघत होते, म्हणाले, बाई, त्या झाडाखाली आम्ही जेवायलासुद्धा बसत नाही. ते रानबिब्याच्या जातीतलं झाड होतं. दुसऱ्या दिवशी काही नाही, मी पोरांसमोर फुशारकी मारली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर डावा डोळा उघडेना. पुढचा आठवडाभर तोंडावर ओढणी घेऊन फिरले, आणि घरची मंडळी अजून त्या वर्षीचे फोटो काढून हसतात.

तर, नुसतं बघून उतत नाही, पण ज्याला एकदा उतलाय त्याला पुढच्या वेळी अगदी कणभर पुरतो, शेजारी कुणी बिबा फोडला, भाजला, त्याचा धूर किंवा उडालेला थेंब लागला तरी पुरे. म्हणून लोकांना वाटतं मी तर हातही लावला नव्हता. आणि ज्याला होत नाही त्याला कधीच होणार नाही असंही नाही, पहिल्या भेटीत शरीर फक्त ओळख करून घेतं, भांडण दुसऱ्या भेटीपासून सुरू होतं. अलीकडे यात एक नवा धागा सापडलाय. टी पेशींना सहसा प्रथिनांचे तुकडे दाखवले जातात, पण उरुशिऑलसारखं तेलकट रसायन दाखवायला कातडीतल्या काही पेशींवर सीडी१ए नावाचं वेगळंच ताट असतं असं २०१६ मधल्या एका अभ्यासात दिसलं. आधी सगळ्यांना वाटायचं की रसायन प्रथिनाला चिकटलं म्हणूनच भांडण, आता दिसतंय की तेल म्हणूनही त्याची ओळख पटते.

बिब्यातल्या रसायनाचं नाव भिलावनॉल, तेही पंधरा कार्बनच्या शेपटीचं, पॉयझन आयव्हीच्या अगदी सख्ख्या नात्यातलं. त्याचा चीक हवा लागली की काळा ठिक्कर पडतो आणि धुतला तरी जात नाही, म्हणून परीट लोक बिब्याच्या रसात चुना घालून कपड्यांवर खुणा करायचे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या गोऱ्या सैनिकांच्या मानेला आणि कमरेला, बरोबर जिथे परटाची खूण टेकते तिथेच, फोड यायला लागले. अमेरिकन डॉक्टरांना कळेना, शेवटी खूण आणि फोड यांची जागा जुळली तेव्हा उलगडलं, आणि १९४३ मधे त्यांच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा लेख छापून आला. म्हणजे आपल्या परटाच्या बिब्याने सायबाच्या फौजेतसुद्धा बिब्बा घातला.

नावाचीही एक गंमत आहे. काजूचं शास्त्रीय नाव अनाकार्डियम, म्हणजे हृदयासारखं. पण हे नाव मुळात काजूचं नव्हतंच, युरोपातले जुने औषधवाले बिब्यालाच अनाकार्डियम म्हणायचे. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मधे ते उचलून काजूला दिलं, आणि नंतर त्याच्या मुलाने बिब्याचं नामकरण केलं तेव्हा जुनं नाव आडनावासारखं मागे लावलं, सेमेकार्पस अनाकार्डियम. सेमेकार्पस म्हणजे खूण करणारं फळ. थोडक्यात बिब्याचं नाव काजूने पळवलं आणि आता सगळं कुळच काजूच्या नावाने ओळखलं जातं. ऐंशीच्या आसपास प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट) आणि आठशेच्या वर जाती असलेलं कुळ, आणि नाव उसनं.

कॅन्सरच्या मेसेजचं स्पष्ट सांगते. प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर बिब्याचा अर्क टाकला की पेशी मरतात, असे बरेच शोधनिबंध आहेत, खोटे नाहीत. पण अहो, त्या ताटलीत फिनेल टाकलं तरी पेशी मरतात. माणसाच्या पोटात दिल्यावर कॅन्सरची पेशी मरते आणि माणूस वाचतो हे दाखवणं हे पूर्ण वेगळं काम आहे आणि बिब्याच्या बाबतीत ते झालेलं नाही. आयुर्वेदातही बिबा कधी कच्चा देत नाहीत, विटेच्या चुऱ्यात घासून, शिजवून त्याचं शोधन करतात, तेही सगळ्यांना देत नाहीत. तेव्हा घरच्या घरी कुणी दुधात बिबा उकळून घेऊ नका. गोडंबी (बिब्याच्या आतली बी) खा की, डिंकाच्या लाडवात गोडंबी आणि चारोळी दोन्ही म्हणजे याच कुळाची जोडी. पण ती गोडंबी काढताना बिबे फोडणाऱ्या बायांच्या हातांची काय अवस्था होते ते एकदा जाऊन बघा, मग लाडू जरा सावकाश खाल.

प्रश्न : मी सावंतवाडीजवळच्या काजू कारखान्यात बिया फोडायला जाते. हात काळे पडतात, सोलतात. मालक म्हणतो ते टरफलाचं तेल महाग विकलं जातं. त्या तेलात असं काय आहे? आणि ज्याने हात जळतात ते खायच्या काजूला कसं लागत नाही? – एक वाचक भगिनी

बाई, प्रश्न नंबर एकचा विचारलात. काजूच्या टरफलाला दोन भिंती असतात आणि मधे मधाच्या पोळ्यासारखी जागा, त्या पोळ्यात हे तेल भरलेलं असतं. टरफलाच्या वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा तेलच. त्यात सगळ्यात जास्त अनाकार्डिक आम्ल, मग कार्डॉल. हात सोलायला दोघंही कारणीभूत. झाडाच्या दृष्टीने बघा, आत एवढा गोड, तेलकट, पौष्टिक गर ठेवायचा तर बाहेर तितकाच जबरदस्त पहारा हवा. भाजल्यावर किंवा उकडल्यावर अनाकार्डिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डॅनॉल बनतं, ते थोडं मवाळ असतं, पण थोडंच. म्हणून फोडण्याआधी बी भाजतात किंवा वाफवतात, आणि दुकानात कच्चे म्हणून जे पांढरे काजू मिळतात तेही खरं म्हणजे वाफवलेलेच असतात. टरफल सोडून तेल गराला लागलं तर काय होतं त्याचं उदाहरण अमेरिकेत १९८२ च्या वसंतात घडलं, पेनसिल्व्हेनियात मुलांच्या बेसबॉल टीमने निधीसाठी काजूची पाकिटं विकली, त्यांत टरफलाचे तुकडे मिसळले होते, आणि गावातली माणसं अंगभर खाजवत दवाखान्यात आली.

तेलाला भाव कशाचा? त्याच शेपटीचा. कार्डॅनॉलचं डोकं फिनॉलसारखं, त्यामुळे फॉर्मल्डिहाइडबरोबर त्याचं राळेसारखं घट्ट रेझिन बनतं, आणि शेपूट असल्यामुळे ते ठिसूळ न होता थोडं लवचिक राहतं. गाड्यांच्या ब्रेकच्या लायनिंगमधे ते घालतात कारण तापल्यावर ते एकदम गुळगुळीत होत नाही. जहाजांच्या आणि पुलांच्या रंगांत, लाकडाच्या वार्निशमधे, इपॉक्सी घट्ट करणाऱ्या रसायनांत ते जातं. गेल्या शतकात १९२० च्या दशकापासून अमेरिकेत त्यावर पेटंटं निघायला लागली. आणि आता खनिज तेलाऐवजी झाडाचं काहीतरी हवं म्हणून जगभरातले केमिस्ट पुन्हा या टरफलाकडे वळलेत, कारण हे खायच्या अन्नातून काढावं लागत नाही, कचऱ्यातून येतं.

आता तुमच्या हातांचं. राख, एरंडेल किंवा खोबरेल लावून बसायची पद्धत आहे, त्याने तेल थोडं अडतं पण पूर्ण नाही, त्यातही पातळ तेल लावून मग त्याच हाताने चेहरा पुसला तर ते तेल टरफलाचं रसायन सोबत घेऊन पसरतं. रबरी हातमोजे, काम झाल्यावर साबण, आणि हाताला चिरा पडलेल्या दिवशी सुट्टी, हे मालकाने द्यायला हवं, मी सांगून काय होणार म्हणाल, तरी सांगते. ते महाग तेल तुमच्याच हातांखालून जातं हे मालकाला माहीत आहे, तेव्हा हातमोज्यांचा खर्च मागायला लाजू नका.

प्रश्न : हापूसची कोय लावली तर हापूसच येईल का? आणि साका कशाने होतो? – एक नवशिका बागायतदार, राजापूर

येणार नाही. येईल ते झाड आंब्याचं, पण हापूसचं नाही, रायवळ. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून झालेला, बाप कोण ते माश्यांना माहीत. काही आंब्यांच्या कोयीतून मात्र एकाऐवजी तीन चार रोपं निघतात आणि त्यांतली बहुतेक आईचीच हुबेहूब नक्कल असतात. पश्चिम किनाऱ्यावर खाली केरळाकडे अशा जाती आहेत, ओलूर, चंद्रकरण वगैरे. आपल्या हापूसला ते वरदान नाही म्हणून कोय कलमं आणि पाचर कलमं. आणि गंमत बघा, २०२० मधे आंब्याचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तो आपल्या हापूसचाच होता, काम मात्र चीनच्या गटाच्या पुढाकाराने झालं. याचा मला आनंदही झाला आणि थोडं लागलंही.

कलम तेच असलं तरी आंबा तोच येईल असं नाही बरं का. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या गटाने देवगड, दापोली आणि गुजरातमधलं व्यारा इथल्या हापूसच्या वासातली रसायनं मोजून ताडून बघितली. कैरीचा हिरवा वास टर्पेनांचा, पिकलेल्या हापूसचा तो गोड दुधाळ वास लॅक्टोन आणि फ्युरॅनोन यांचा, आणि त्यांचं प्रमाण जागेप्रमाणे बदलतं. देवगडवाले आणि रत्नागिरीवाले यांच्या भांडणात मी पडणार नाही, तिथे रसायनशास्त्र चालत नाही.

साक्याचं दुखणं जुनं. १९३० च्या दशकात विलायतेला आंबा पाठवायचे प्रयोग झाले तेव्हापासून त्याची नोंद आहे. बाहेरून फळ सोन्यासारखं, कापलं की आत पांढरा, स्पंजासारखा, आंबट. आधी लोक म्हणायचे जमिनीची धग लागते म्हणून होतं. मग बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेतल्या मंडळींनी आत बघितलं आणि दोष सापडला कोयीत. आंब्याची कोय सुकवून ठेवता येत नाही, ती फळात असतानाच कधी कधी उगवायच्या तयारीला लागते, आणि मग भोवतालच्या गरातूनच पाणी आणि खुराक ओढते, गर नीट पिकतच नाही. उष्णता त्याला हातभार लावते हेही खरंच, म्हणून खाली गवताचं आच्छादन टाकायला सांगतात. तुम्हाला करता येण्यासारखं म्हणजे फळ झाडावर फार पिकू देऊ नका, जुने लोक चौदा आणे तयारीला काढा म्हणतात ते अगदी बरोबर आहे. आणि साका अजिबात नको असेल तर रत्ना लावा, नीलम आणि हापूस यांचा संकर, दापोलीहून १९८१ मधे आला. हापूसवाले नाक मुरडतील, मुरडू द्या.

उरलेले, एकेका ओळीत :

पिस्ता खाल्ल्यावर घसा खाजतो आणि काजूनेही, हे आंब्यासारखंच का? – नाही, हे चिकाचं भांडण नव्हे, हे गरातल्या प्रथिनांचं आहे, लगेच होतं आणि जिवावर बेतू शकतं, दोन्ही बंद आणि डॉक्टर.

कोकम याच कुळातलं का? – नाही, कोकम वेगळ्या घरचं. आंबाडा मात्र याच घरचा, मोयाचं झाडसुद्धा.

दुबईत कबाबवर लाल आंबट पूड टाकतात ती सुमाक खाऊन पॉयझन आयव्हीसारखं होईल का? – खायचा सुमाक वेगळा, त्याच्या फळात आंबटपणा आहे, उरुशिऑल नाही. जंगलात अनोळखी सुमाक तोडायला मात्र जाऊ नका.

बाळाच्या बालचातुर्भद्र चुर्णातली काकडशिंगी हे फळ का? – फळ नव्हे हो, पिस्त्याच्या एका रानटी भावंडाच्या पानांवर मावा किडीने केलेली गाठ. शिंगासारखी वाकडी आणि आतून पोकळ.

काजूच्या बोंडूचा घसा धरणारा कडवटपणा कशाने जातो? – टॅनिन असतं त्यात. कापून मिठाच्या पाण्यात ठेवा, नाहीतर वाफवा. मोसंबीपेक्षा कितीतरी पट जास्त क जीवनसत्त्व त्यात आहे, आणि आपण ते बागेत कुजायला टाकतो. गोव्यात निदान त्याची हुर्राक (बोंडूची दारू) तरी काढतात.